नऊ वार नेमके कशाचे? ‘द होल नाइन यार्ड्स’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीत ‘सगळंच्या सगळं’ म्हणायला हा वाक्प्रचार वापरतात, आणि तो ऐकला की मराठी माणसाचे कान जरा जास्तच टवकारतात. साहजिक आहे. आपल्याकडे नऊ वार खरोखरच कपाटात घडी घालून ठेवलेले असतात. त्यामुळे या विषयावर मला विचारले जाणारे निम्मे प्रश्न साडीपासून सुरू होतात. ते पुढे येतीलच, आधी अर्थ पाहू.

‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे नक्की काय?

एखाद्या गोष्टीत जे जे म्हणून येतं ते सगळं, काहीही न वगळता. लग्नात घोडा, बँड, आतषबाजी, ड्रोनवाला फोटोग्राफर, पाच पक्वान्नं असा सगळा थाट असेल, तर अमेरिकन माणूस यादीच्या शेवटी ‘अँड द होल नाइन यार्ड्स’ म्हणून मोकळा होतो.

शब्दशः अर्थ ‘अख्खे नऊ यार्ड’. यार्ड म्हणजे आपला वार, तीन फूट. नऊ वार म्हणजे २७ फूट, ८.२३ मीटर. बोलणाऱ्याच्या डोक्यात यातलं काहीच नसतं. कशाचे नऊ यार्ड हे त्याला ठाऊक नसतं आणि विचारलं तर तो जरा गोंधळतो. सगळी गंमत तिथेच आहे.

वाक्यात तो कसा बसवायचा?

तीन जागा ठरलेल्या आहेत. यादीच्या शेवटी, वर दिलाय तसा. ‘गो’ या क्रियापदाबरोबर, म्हणजे एखाद्याने हातचं काही न राखता काम तडीस नेलं असं सांगायचं असेल तेव्हा. आणि ‘गिव्ह’ किंवा ‘टेल’बरोबर, म्हणजे कुणी सगळी हकिगत ऐकवली तेव्हा. ही तिसरी जागा लक्षात ठेवा. सर्वांत जुन्या छापील दाखल्यांमध्ये ‘सांगणं’ हाच अर्थ पुन्हा पुन्हा दिसतो.

आकडा बदलायचा नाही, ‘यार्ड्स’चा ‘यार्ड’ करायचा नाही. आणि हे गप्पांतलं इंग्रजी आहे. मित्राला मेल लिहिताना चालेल, प्रबंधात किंवा वकिलाच्या नोटिशीत नको. मूळचा अमेरिकन असल्यामुळे ब्रिटिश लोकांना तो कळतो, पण त्यांच्या तोंडी तितकासा नसतो.

मराठीत याला काय म्हणाल?

प्रसंगावर आहे. पूजा, लग्न, मुंज असेल तर ‘साग्रसंगीत’. हकिगत असेल तर ‘अथपासून इतिपर्यंत’ किंवा ‘इत्थंभूत’. ऐकणारा कंटाळला असेल तर ‘सगळं रामायण ऐकवलं’. माणसं किंवा वस्तू मोजायच्या असतील तर ‘झाडून सगळे’, ‘यच्चयावत’. ‘सोळा आणे’ मात्र इथे बसत नाही. ते खरेपणाबद्दल किंवा खणखणीतपणाबद्दल आहे, भरगच्चपणाबद्दल नाही.

भाषांतर करणाऱ्यांना एक विनंती: ‘संपूर्ण नऊ यार्ड’ असं कृपा करून लिहू नका. मराठी वाचक फुटपट्टी शोधायला लागतो.

हा वाक्प्रचार आपल्या नऊवारीवरून गेला, हे खरं ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजातच उत्तर ठरलेलं असतं. मलाही ‘हो’ म्हणायला आवडलं असतं.

सांगितली जाणारी गोष्ट अशी: इंग्रज इथे आले, इथल्या बायका नऊ वारांचं लुगडं काष्टा घालून नेसतात हे त्यांनी पाहिलं, थक्क झाले, आणि पूर्ण पोशाख म्हणजे ‘होल नाइन यार्ड्स’ असं म्हणू लागले. ऐकायला अगदी झकास. कापड मीटरने मिळू लागून कित्येक दशकं झाली तरी साडी आपण आजही वारानेच ओळखतो, त्यामुळे ही गोष्ट चटकन पटते.

अडचण भूगोलाची आहे. भारतातून इंग्रजीत गेलेले शब्द कोणत्या वाटेने गेले ते दिसतं. बंगला, पायजमा, शाम्पू हे शब्द आधी इथे राहिलेल्या इंग्रजांच्या लिखाणात येतात, मग इंग्लंडात आणि पुढे जगभर पसरतात. ‘होल नाइन यार्ड्स’ या वाटेवर कुठेच भेटत नाही. त्याचे आजवर सापडलेले जुने दाखले अमेरिकेतले आहेत, आणि तेही न्यूयॉर्क-बोस्टनसारख्या बंदरांतले नव्हेत. इंडियाना आणि केंटकी या आतल्या, समुद्रापासून दूर असलेल्या राज्यांतल्या छोट्या गावांच्या वर्तमानपत्रांतले आहेत. तिथल्या संपादकाने नऊवारी पाहिली असेल, तिची लांबी त्याला ठाऊक असेल, आणि त्याच्या वाचकांनाही ती इतकी ठाऊक असेल की न सांगता विनोद कळावा, हे सगळं गृहीत धरावं लागतं.

शिवाय ‘होल’ या शब्दाचं काय करायचं? ‘अख्खे’ म्हणायला अर्धवट वापरण्याची शक्यता असावी लागते. अर्धं लुगडं कुणी नेसतं का?

आणि मराठी अभिमान बाजूला ठेवून पाहिलं, तर नऊ वारांची मडिसार नेसणाऱ्या तमिळ घरांनाही हाच दावा तितक्याच हक्काने करता येईल.

मग ती मशिनगनच्या पट्ट्याची गोष्ट? मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती.

सर्वांच्या मावशीने पाठवली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या मशिनगनमध्ये २७ फूट लांबीचा गोळ्यांचा पट्टा असायचा, वैमानिकाने एकाच शत्रूवर तो पूर्ण रिकामा केला की ‘मी त्याला होल नाइन यार्ड्स दिले’ असं तो म्हणायचा, असं या गोष्टीत सांगतात.

या गोष्टीत विमान आहे, शौर्य आहे, आणि आकडासुद्धा हिशेबात बसतो. पण सैनिक गोळ्या नगावर मोजतात. पट्टा किती फूट लांब यापेक्षा त्यात किती राउंड उरले हे जिवावरचं असतं. युद्धकाळातल्या लिखाणात हा वाक्प्रचार मशिनगनशी जोडलेला सापडत नाही, आणि तो युद्धाच्या खूप आधीपासून छापला जात होता. सर्वांत जुना सापडलेला छापील दाखला १९०७ सालचा आहे, तो पुढे येईलच. राइट बंधूंचं विमान डिसेंबर १९०३ मध्ये पहिल्यांदा उडालं होतं. १९०७ मध्ये विमानावर मशिनगन बसवून कुणी कुणावर पट्टे रिकामे करत नव्हतं.

तरी ही गोष्ट इतकी रुजली त्याला कारण आहे. १९६०च्या दशकात हा वाक्प्रचार अमेरिकेत जोरात पसरला, आणि पसरवणाऱ्यांत हवाई दलाची आणि अंतराळ कार्यक्रमाची माणसं होती. १९६४ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या एका वर्तमानपत्राने अंतराळ क्षेत्रातल्या लोकांच्या बोलीवर लेख छापला. त्यात या शब्दांचा अर्थ ‘एखाद्या प्रकल्पाचा बारीकसारीक तपशिलासह अहवाल’ असा दिला होता. आपलं ‘इत्थंभूत’च ते. पुढे व्हिएतनाम युद्धावर लिहिणाऱ्यांच्या लेखनात तो आला. ज्यांनी तो पहिल्यांदा वैमानिकांच्या तोंडून ऐकला, त्यांनी तो वैमानिकांचाच मानला. ‘मी स्वतः फौजेत होतो, मला माहीत आहे’ असं सांगणाऱ्या म्हाताऱ्यांचं म्हणणं खोटं नसतं. त्यांनी तिथे ऐकला हे खरंच. तिथे जन्मला हे मात्र त्यातून निघत नाही.

काँक्रीट, जहाज, फुटबॉल, किल्ट... यातलं काही?

भराभर उरकतो.

काँक्रीट: मिक्सरच्या ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल बसतो, म्हणून. आजच्या ट्रकना ते लागू पडेल. पण १९६२ साली अमेरिकेत अशा ट्रकची सरासरी क्षमता सव्वासहा घनयार्डांच्या आसपास होती, आणि त्याआधी काही वर्षं साडेचार घनयार्डांचा मिक्सर सर्रास चालायचा. १९०७ मध्ये असे ट्रक रस्त्यावर नव्हतेच.

जहाज: शिडाच्या आडव्या काठीलाही इंग्रजीत ‘यार्ड’ म्हणतात. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर तीन आडव्या काठ्या, झाले नऊ. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कुणालाही विचारा, जहाजं अशी एका साच्यातून निघत नाहीत. मोठ्या जहाजांना एका डोलकाठीवर तीनपेक्षा जास्त आडव्या काठ्या असत. आणि शिडं सोडण्याबद्दल बोलताना खलाशी शिडांची नावं घेतात, काठ्या मोजत नाहीत.

अमेरिकन फुटबॉल: तिथे खेळ पुढे चालू ठेवायला दहा यार्ड जावं लागतं. नऊ यार्ड म्हणजे एक कमी. शंभर धावा हव्या असताना नव्वदवर बाद झालेल्याला ‘पूर्ण केलंस बघ’ म्हणण्यासारखं आहे ते.

किल्ट: स्कॉटिश घागऱ्याला नऊ यार्ड कापड लागतं म्हणे. किल्ट शिवणारे बहुधा आठ यार्डांची भाषा करतात.

प्रेतवस्त्र, नवरीचा ओढणीसारखा बुरखा, कोळशाच्या गाड्या, तुरुंगाची आवारं: हे सगळे दावे ऐकायला मिळतात. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिक डोंगराळ भागातल्या माँतान्यार जमातींना थोडक्यात ‘यार्ड्स’ म्हणत, त्यावरून ‘नऊ जमाती’ असाही एक अर्थ काढला गेला. कल्पकतेला दाद द्यावी आणि पुढे जावं.

बरं, सर्वांत जुना छापील पुरावा कुठला?

इंडियाना राज्यात मिचेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ‘मिचेल कमर्शियल’ या वर्तमानपत्राच्या २ मे १९०७च्या अंकात त्या दिवशी दुपारी होणाऱ्या बेसबॉलच्या सामन्याची बातमी आहे. गावचा नेहमीचा संघ विरुद्ध गावातले व्यापारी. मजकुराचा आशय असा: व्यापाऱ्यांना जितकी इनिंग्ज झेपतील तितकी खेळवली जातील, पण अख्ख्या नऊ यार्डांची हमी आम्ही देऊ शकत नाही.

इथे जरा थांबण्यासारखं आहे. बेसबॉलचा संघ नऊ जणांचा असतो, आणि त्या बातमीत संघाला थेट ‘नाइन’ असंच म्हटलं आहे. पूर्ण सामना नऊ इनिंग्जचा असतो. म्हणजे ‘नऊ इनिंग्जची हमी नाही’ असं लिहायचं तिथे बातमीदाराने ‘नऊ यार्डांची’ असं लिहून कोपरखळी मारली आहे. वाचकाला वाक्प्रचार आधीपासून माहीत असल्याशिवाय हा विनोद जमत नाही. माझ्या मते या नोंदीचं खरं मोल इथे आहे: १९०७ मध्ये मिचेलच्या लोकांना हे शब्द नवे नव्हते.

पुढच्याच वर्षी, जून १९०८ मध्ये, त्याच वर्तमानपत्रात आणखी एक नोंद आहे. रॉस्को नावाचा कुणी गृहस्थ मासे पकडायला गेला होता आणि त्याच्याकडे आता सांगायला लांबलचक कहाणी आहे. बातमीदार म्हणतो, आम्ही काही ती ऐकत उभे राहणार नाही, पण एक दिवस तो कुणा बेसावध माणसाला गाठेल आणि त्याला ‘होल नाइन यार्ड्स’ ऐकवेल. मासेमारी करून आलेल्या माणसापासून लोक शंभर वर्षांपूर्वीही पळत होते, हे वाचून बरं वाटतं.

सहा यार्डांचाही वाक्प्रचार होता असं वाचलं. ते काय प्रकरण आहे?

होता. केंटकीच्या ‘माउंट व्हर्नन सिग्नल’मध्ये १९१२ साली तो दोनदा सापडतो. एकदा राजकारणात: रिपब्लिकन पक्षात थिओडोर रूझवेल्ट आणि टाफ्ट यांची जुंपली होती, आणि डेमोक्रॅटिक बाजूचा लेखक खुशीत लिहितो की भांडण आणखी तापू द्या, मग ते स्वतःच ‘होल सिक्स यार्ड्स’ सांगतील. दुसऱ्यांदा अगदी घरगुती कारणाने: आम्ही काही दिवस बाहेरगावी होतो, सगळ्या बातम्या गोळा करता आल्या नाहीत, पुढच्या अंकात तुम्हाला अख्खे सहा यार्ड देऊ. मग १९२१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गच्या वर्तमानपत्रात बेसबॉलच्याच एका बातमीला ‘द होल सिक्स यार्ड्स ऑफ इट’ असा मथळा आहे.

हे दाखले पुढे आले तेव्हा येल विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयातले फ्रेड शपिरो यांनी मांडणी केली की आकडा वाढत गेला असावा, आधी सहा आणि मग नऊ. आकड्यांची महागाईच म्हणा ना. त्यांनी उदाहरणही चपखल दिलं: आनंदाने हवेत तरंगणाऱ्या माणसाला इंग्रजीत आधी ‘सातव्या ढगावर’ म्हणत, आता ‘नवव्या ढगावर’ म्हणतात.

पटण्यासारखी मांडणी होती. पण काही काळातच मिचेल गावचे १९०७ आणि १९०८चे नऊ यार्ड सापडले, म्हणजे छापील पुराव्यात नऊ आधी आणि सहा नंतर. क्रम उलटा झाला. तरीही एक गोष्ट टिकते, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एकाच प्रदेशात, पाचसात वर्षांच्या अंतराने, एकाच अर्थाने कुणी सहा म्हणतंय आणि कुणी नऊ. खरोखरची एखादी नऊ यार्डांची वस्तू डोळ्यांपुढे असती, तर तिचे सहा यार्ड कुणी केले नसते. पट्टा, शीड, मिक्सर, किल्ट या सगळ्या गोष्टी ‘नऊच का’ याचं उत्तर देतात. त्या गावांतल्या लोकांना मात्र नऊच हवे होते असं दिसत नाही.

सहावारी आणि नऊवारी! आता तरी साडी मान्य करा.

हा मुद्दा मांडणाऱ्यांचं मनापासून कौतुक. सहा आणि नऊ, दोन्ही आकडे आपल्या कपाटात आहेत खरे.

पण १९१२ साली केंटकीत परकरावर नेसायची सहावारी आणि बिनपरकराची नऊवारी यांत निवड करणारं कुणी नव्हतं. आणि आकडे जुळणं किती स्वस्त असतं ते दाखवतो. मराठीत आपण ‘सतराशे साठ भानगडी’ म्हणतो. एका मैलात किती वार असतात? बरोबर १७६०. आता मी सहज सांगू शकतो की मैलाचे दगड रोवताना सर्वेक्षण करणाऱ्यांना एकेक वार मोजावा लागायचा, म्हणून कटकटीच्या कामांना ‘सतराशे साठ’ म्हणू लागले. ही गोष्ट मी आत्ता, चहा निवायच्या आत, रचली. तिला पुरावा शून्य. पण तुम्ही क्षणभर ‘अरे वा’ म्हणालात की नाही?

शर्टाची एक गोष्ट आहे म्हणे?

आहे, आणि ती खरोखर छापलेली आहे. इंडियानातल्याच न्यू ऑल्बनीच्या एका दैनिकात जानेवारी १८५५ मध्ये ‘न्यायाधीशाचा मोठा शर्ट’ अशा अर्थाचा एक विनोदी किस्सा आला होता. तीन शर्ट शिवायला आणलेलं सगळं कापड बाईने एकाच शर्टात घातलं, आणि नवरोबा चिडून म्हणतात: अख्खेच्या अख्खे नऊ यार्ड एका शर्टात!

शब्द तेच, राज्यही तेच. म्हणून काहींना हा उगमच वाटतो. पण इथे नऊ यार्ड म्हणजे खरंच नऊ यार्ड कापड आहे, लाक्षणिक अर्थ नाही. १८५५ आणि १९०७ यांच्यात बावन्न वर्षांचं अंतर आहे आणि मधल्या पायऱ्या सापडलेल्या नाहीत. कापड तेव्हा यार्डावर विकलं जायचं, गोष्टही कापडासारखीच ‘लांबवली’ जाते, तेव्हा ‘सगळा तागा उलगडला’ अशा काही कल्पनेतून हे आलं असेल, हा तर्क मला बाकी सगळ्यांपेक्षा जवळचा वाटतो. पण तो तर्कच.

१९०८ नंतर तो कुठे गायब झाला?

बोलण्यात राहिला असणार, छापण्यात क्वचित आला. १९५६ मध्ये तो पुन्हा केंटकीतच वर येतो. राज्याच्या वन्यजीव आणि मत्स्य खात्याच्या मासिकात मासे पकडण्याच्या स्पर्धेतल्या बक्षिसांची यादी देऊन झाल्यावर लेखक म्हणतो, तर हे झाले होल नाइन यार्ड्स. (पुन्हा मासेच. मी यावरून कोणताही सिद्धांत मांडणार नाही.) १९६२ मध्ये मिशिगनमधल्या एका वाङ्मयीन नियतकालिकातल्या कथेत एक प्राध्यापक घर, मुलंबाळं, प्रतिष्ठा अशी आपल्या संसाराची यादी देतो आणि शेवटी हे शब्द जोडतो. वर सांगतो की दारावर ब्रश विकायला येणाऱ्या माणसाच्या तोंडी ते कायम असत. सत्तरीच्या दशकापर्यंत देशभर सगळ्यांना ते माहीत झाले, आणि मग सगळ्यांनाच प्रश्न पडला की हे आले कुठून.

एवढे अभ्यासक असताना हे आधी का नाही सापडलं?

शोधायची सोय नव्हती म्हणून. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये भाषेवर सदर लिहिणारे विल्यम सफायर यांनी १९८२ साली लॅरी किंगच्या रेडिओ कार्यक्रमात श्रोत्यांना जाहीर आवाहन केलं, कुणाला माहीत असेल तर कळवा. पत्रांचा पाऊस पडला. प्रत्येकाकडे उत्तर होतं आणि प्रत्येकाचं वेगळं. सफायर यांनी या एका वाक्प्रचारावर कितीतरी स्तंभ लिहिले आणि त्यांचा कौल शेवटी काँक्रीटच्या ट्रककडे झुकला. आज तो टिकत नाही, पण त्यांना हसू नये. त्यांच्यापुढे होत्या फक्त लोकांच्या आठवणी.

पुढे जुनी वर्तमानपत्रं स्कॅन होऊन शब्दावरून शोधता यायला लागली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात तर लहान लहान गावांची वर्तमानपत्रं आहेत. शपिरो आणि बॉनी टेलर-ब्लेक यांनी २०१२ आणि २०१३च्या सुमारास एकामागून एक जुने दाखले बाहेर काढले. टेलर-ब्लेक या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मेंदूविज्ञानाच्या संशोधक. शब्दांचा माग काढणं हा त्यांचा छंद. पगारी कोशकारांना जे वर्षानुवर्षं सापडलं नाही ते छंदवाल्यांनी शोधलं, याचा मला फार आनंद होतो.

त्यामुळे आज जे ‘सर्वांत जुनं’ आहे ते उद्या दुसरं असू शकेल. अजून स्कॅन न झालेल्या एखाद्या पेटीत १८९०चा अंक पडलेला असेल.

अशा शब्दांचं मूळ कधी पक्कं सापडतं का?

सापडतं. ‘ओके’चं सापडलं. अमेरिकन भाषा-अभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं की २३ मार्च १८३९च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं म्हणून ते छापलं होतं. त्या काळी अशी वेडीवाकडी आद्याक्षरं वापरायची टूमच होती, त्यामुळे दाखला एकटा पडत नाही, आजूबाजूला त्याची भावंडं दिसतात. आपल्या ‘सोळा आण्यां’चंही तसंच: १९५७मध्ये दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे लोक रोज हाताळत होते. शंकेला जागा नाही.

उलट्या बाजूचं उदाहरण ‘पॉश’. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटींत श्रीमंतांना जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची, सावलीची केबिन मिळायची, तिकिटावर त्याची (‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची) चार आद्याक्षरं छापायचे, तोच ‘पॉश’ झाला, असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. तसं छापलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही. बोटीच्या कंपनीची गोष्ट, मुंबई बंदर, ऊन आणि सावली, सगळं काही आहे. तिकीट तेवढं नाही.

मग नऊच का टिकले?

कानाला बरे लागले म्हणून, याहून जास्त मी सांगणार नाही. इंग्रजीत नऊ हा आकडा आधीच लाडका आहे: मांजराचे नऊ जन्म, नऊ दिवसांचं नवल, ‘नाइन्स’पर्यंत नटणं. आपल्याकडे ‘नव्याचे नऊ दिवस’ आहेतच. ‘असे छप्पन्न पाहिलेत’ म्हणताना पंचावन्न का नाही, हे कुणी विचारतं का?

परीक्षेत किंवा प्रश्नमंजूषेत ‘उगम सांगा’ असं आलं तर काय लिहू?

पर्यायांत मशिनगन असेल आणि ‘उगम अनिश्चित’ही असेल, तर दुसरा निवडा. फक्त मशिनगन असेल तर गुण घ्या आणि घरी येऊन प्रश्न काढणाऱ्याला हे पान पाठवा.

नऊवारी नेसून काढलेल्या फोटोखाली ‘द होल नाइन यार्ड्स’ लिहिलं तर चालेल?

चालेल काय, धावेल. जगात फार थोड्या लोकांना हा वाक्प्रचार शब्दशः आणि लाक्षणिक, दोन्ही अर्थांनी एकाच वेळी वापरता येतो. नथ, चंद्रकोर, अंबाडा, सगळं असेल तर आणखी उत्तम. फक्त खाली कुणी ‘हे तर आपल्याकडूनच गेलंय’ अशी कमेंट केली, तर मिचेल गावच्या त्या अंकाची तारीख हाताशी ठेवा: २ मे १९०७.